एकट्याने, पायी, किनाऱ्याने

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात किंवा टागोर नगरात संध्याकाळी चक्कर मारली, तर निम्मी वस्ती बॅगा भरताना दिसते. एसटीच्या जादा गाड्या सुटतात, चाकरमानी दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त, पाय दुमडून बसतो, गावी पोहोचतो, आणि पाच-सात दिवसांनी तसाच बसून परत येतो. वर्षातून दोनदा, तीस-तीस वर्षं कोकणात जाणाऱ्या या माणसाला विचारावं, की तुमच्या गावाहून खाडी चालत किती लांब? बहुतेकांचं उत्तर मिनिटांत येत नाही, रिक्षाच्या भाड्यात येतं.

अशाच एखाद्या घरातला गृहस्थ, वय पंचावन्नच्या आसपास, रक्तदाबाची एक गोळी चालू, एक दिवस जाहीर करतो, की यंदा डिसेंबरात आठ-दहा दिवस एकटाच जाणार. अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने. जमेल तिथे चालत, नाही जमणार तिथे एसटीने. त्यानंतर घरात काय होतं, हे सांगायला नकोच. ‘एकटेच? आणि काही झालं म्हणजे?’ हा पहिला प्रश्न. मुलगा म्हणतो, ‘बाबा, त्यापेक्षा ग्रुपने टूर करा, सगळं अरेंज असतं.’ शेजारच्या काकांना घरात काहीतरी बिनसल्याची शंका येते. आणि हाच बेत घरातल्या बाईने सांगितला, तर चर्चा एवढीही पुढे जात नाही.

शेवटी प्रकरण डॉक्टरांकडे येतं. डॉक्टरने नाही म्हणावं, अशी घरच्यांची अपेक्षा असते. डॉक्टर बहुतेक वेळा म्हणतोही, कारण नाही म्हणायला काही लागत नाही. इथेच वैद्यकशास्त्राची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती ‘नाही’च्या बाजूने नाही.

जगात अशी भटकंती नवी नाही. आयर्लंडच्या ग्रामीण भागात एकट्याने गाडी घेऊन किंवा बसने गावोगाव जायचं, दिवसा चालायचं, बघायचं आणि रात्री कुणाच्या तरी घरगुती मुक्कामी राहायचं, हा तिथल्या पर्यटनाचा जुना आणि भरवशाचा प्रकार आहे. डब्लिनच्या दक्षिणेला विकलो वे ही सुमारे १३० किलोमीटरची खुणा केलेली पायवाट गेली चाळीसेक वर्षं चालू आहे. पश्चिम किनाऱ्यावर ‘वाइल्ड अटलांटिक वे’ नावाचा अडीच हजार किलोमीटरचा किनारी रस्ता २०१४ मध्ये पर्यटनासाठी नावारूपाला आणला गेला. त्यावर पन्नाशी-साठीतली एकटी माणसं, बायकासुद्धा, पाठीवर पिशवी घेऊन सर्रास दिसतात. कुणी त्यांना ‘घरी काही झालं का’ असं विचारत नाही.

गंमत म्हणजे आयर्लंडचा पश्चिम किनारा आणि आपलं कोकण यांचं बरंच जुळतं. समोर मोठा समुद्र, मागे डोंगर, मधे खाड्या. शेतांभोवती चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या भिंती, आपल्याकडे त्यांना गडगे म्हणतात. शिकलेला मुलगा पोटासाठी बाहेर गेलेला आणि घरात म्हातारी माणसं, हेही तसंच. पावसाचा हिशोब मात्र वेगळा. आयर्लंडच्या पश्चिम भागात वर्षाला हजार ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो वर्षभर, रोज थोडा थोडा. रत्नागिरीला त्याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथे चालणाऱ्याला भिजून वाऱ्यात शरीराचं तापमान घसरण्याची भीती असते. इथे नेमकं उलट, उकाड्याची. ऋतू चुकला तर दोन्हीकडे फजितीच.

अलिबाग ते रत्नागिरी किनाऱ्याने अडीचशे किलोमीटरहून जास्त भरतं. सगळं चालायचा अट्टहास करू नये. रेवदंड्याच्या पुढे कोर्लई, जिथल्या काही ख्रिस्ती कुटुंबांत आजही पोर्तुगीजातून उतरलेली वेगळीच बोली बोलली जाते. मग काशीद, मुरूड, समोर जंजिरा. आगरदांड्याला फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडली की दिघी. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून सावित्रीच्या मुखाशी पलीकडे वेसवी आणि बाणकोट. केळशी, आंजर्ले, हर्णै, समोर सुवर्णदुर्ग. दाभोळला वाशिष्ठी ओलांडायची ती धोपाव्याला. गुहागर, मग तवसाळहून शास्त्रीच्या खाडीपलीकडे जयगड आणि खाली गणपतीपुळे. चार खाड्या, चार फेरीबोटी, आणि मधे हवं तितकं चालणं. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालायचे आणि उरलेलं एसटीवर सोडायचं, हे पन्नाशीच्या शरीराला झेपणारं गणित आहे. पहिले दोन दिवस तर आठ-दहाच्या वर जाऊ नये, आणि चौथा दिवस बसून मासे खाण्यात घालवायला काहीच हरकत नसते.

चालण्याच्या फायद्यांवर आता इतकं लिहून झालं आहे, की त्यात भर घालण्यासारखं थोडंच आहे. लंडनमधले डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं, की दुमजली बसचे दिवसभर बसून असणारे ड्रायव्हर आणि त्याच बसचे जिने चढउतार करणारे कंडक्टर यांच्यात कंडक्टरांना हृदयविकार कितीतरी कमी होतो. (बेस्टच्या जुन्या डबलडेकरच्या कंडक्टरांचा असा अभ्यास कुणी वेळेत करायला हवा होता.) रोज दहा हजार पावलांचा आकडा मात्र विज्ञानातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार’ होतं, आणि जाहिरात जगभर पसरली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदरही २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळला, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक उरला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांचा मध्यम व्यायाम पुरेसा मानते. म्हणजे निव्वळ आयुष्य वाढवायचं असेल तर कोकणापर्यंत जायची गरज नाही. कन्नमवार नगरातून स्टेशनपर्यंत चालत जाऊन-येऊन भागतं.

मग एवढं जायचं कशाला? बागेत रोज वीस फेऱ्या मारणाऱ्याला जे मिळत नाही ते इथे मिळतं. चढ-उतार, वाळू, ओबडधोबड दगड यांवर चालताना घोट्याचे, मांडीचे, पाठीचे स्नायू आणि तोल सांभाळणारी यंत्रणा सतत कामाला लागते. साठीनंतर माणसं पडतात आणि खुब्याचं हाड मोडून घेतात, त्यामागे या यंत्रणेला आलेला गंज हे एक मोठं कारण असतं. आणि दुसरी गोष्ट मनाची. अमेरिकेत २०१५ मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात दीड तास झाडीतून चालून आलेल्या माणसांच्या डोक्यातलं तेच-ते उगाळणं कमी झालं. गर्दीच्या रस्त्याकडेने तितकाच वेळ चाललेल्यांचं झालं नाही. माणसं थोडी होती, त्यामुळे त्यावर मोठा डोलारा उभारू नये. पण नोकरीची शेवटची वर्षं, आई-वडिलांची आजारपणं, मुलांची लग्नं यांत अडकलेल्या माणसाला आठ दिवस कुणाला काही उत्तर द्यावं लागत नाही, हे औषध कुठल्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

ग्रुप टूरमध्ये हे होत नाही, कारण तिथे चालणं बसपासून दुकानापर्यंत असतं. दिवसभर बस, रात्री बुफे. परतल्यावर साखर आणि वजन दोन्ही वाढलेलं सापडतं. आणि लांबच्या बसप्रवासात पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका हा एकट्याने चालण्यातल्या अनेक काल्पनिक धोक्यांपेक्षा खरा आहे. त्याची भीती मात्र घरात कुणाला वाटत नाही.

आता ‘काही झालं म्हणजे?’ या प्रश्नाकडे. घरच्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो निर्जन ठिकाणी आलेला हार्ट अटॅक. म्हणून ते स्ट्रेस टेस्ट करून आणायला सांगतात. काही तक्रार नसलेल्या, फारशी जोखीम नसलेल्या माणसाची सरसकट स्ट्रेस टेस्ट करू नये, असाच आज शास्त्राचा कल आहे. ती नॉर्मल आली म्हणून हमी मिळत नाही, आणि उगाच थोडी बिघडलेली दिसली की पुढच्या तपासण्यांचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. त्यापेक्षा जुना, फुकट उपाय चांगला. निघण्याआधी दोन महिने विक्रोळी पश्चिमेला पार्कसाइटच्या चढावर जा. तिथल्या गल्ल्या आणि पायऱ्या म्हणजे बिनपैशाचं ट्रेडमिल आहे. चढताना छातीत, गळ्यात, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब आला आणि थांबल्यावर तो दोन-चार मिनिटांत ओसरला, तर ती गॅस नव्हे. तिथून थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे जायचं, कोकण नंतर. दोन मजले चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप आता लागत असेल, तरी तेच. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, ज्यांचा मधुमेह दहा वर्षांहून जुना आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय निघू नये. बाकीच्यांनी रक्तदाब आणि साखर मोजावी आणि चालू लागावं.

पार्कसाइटच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरण्यासाठी जास्त महत्त्वाच्या. सपाट बागेत वर्षानुवर्षं चालणारा माणूस पहिल्याच घाटउतारानंतर दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उठू शकत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि त्यात त्यांना बारीक इजा होते. चांगली गोष्ट अशी, की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तितकं दुखत नाहीत. म्हणून दुखायचं ते घरी दुखून घ्यावं. फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मुंबईत ते करू नये. त्या काळात थंड, जड हवा जमिनीलगत कोंडून बसते आणि पूर्व द्रुतगती मार्गाचा धूर त्यात अडकतो. ऊन थोडं वर आल्यावर किंवा संध्याकाळी निघावं.

खरा धोका हृदयाचा कमी आणि रस्त्याचा जास्त. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. कोकणातला किनारी रस्ता अरुंद, वळणाचा, कडेला भुसभुशीत माती नाहीतर गडगा. त्यावर शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या कशा येतात, हे पाहिलेल्यालाच कळेल. चालणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आयर्लंडमध्येही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, आणि तिथे शाळेतल्या पोरालाही हा नियम माहीत असतो. आपल्याकडे डावीकडून चालायची सवय इतकी पक्की, की मागून येणाऱ्या डंपरकडे पाठ करून आपण निर्धास्त असतो. आंधळ्या वळणावर थोडा वेळ बाजू बदलावी लागते. अंधार पडल्यावर चालायचंच नाही, आणि कानात इयरफोन तर नाहीच. शनिवार-रविवार मुक्कामाला किंवा एसटीला ठेवावेत.

यावर कोकणापाशी स्वतःचा उपाय आहे, तो म्हणजे पाखाडी. जांभ्या दगडाच्या पायऱ्या-पायऱ्यांची ती वाट, वाडीतून बागेत, बागेतून देवळात, देवळातून खाडीवर उतरणारी. मोटार यायच्या आधीचं सगळं दळणवळण याच वाटांवरून झालं. आज त्यांतल्या कित्येक मोडल्या, कित्येकांवर सिमेंट ओतून दुचाकीची सोय झाली, आणि ज्या उरल्या आहेत त्यांचा बाहेरच्या माणसाला पत्ता नाही. आयर्लंडमध्ये खासगी शेतातून जाण्याचा कुणाला सरसकट हक्क नाही. तिथल्या सरकारने २००८ पासून शेतकऱ्यांशी करार करून, वाट राखल्याबद्दल त्यांना पैसे देऊन, पायवाटा खुल्या ठेवल्या. किनारी महामार्गावर हजारो कोटींच्या गोष्टी चालतात, त्यातल्या अगदी चिमूटभर पैशांत प्रत्येक ग्रामपंचायतीला एक पाखाडी नीट करून तिच्या टोकाला ‘समुद्राकडे, अर्धा तास’ अशी पाटी लावता येईल. हे पर्यटन खात्याचं काम आहे असं म्हणून आरोग्य खात्याने हात झटकण्याचं कारण नाही. उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या वाटण्यावर होणाऱ्या खर्चात चालायची जागा करण्याचा खर्चही धरायला हवा. विक्रोळीत स्टेशनजवळ पूर्व-पश्चिम जोडणारा पूल २०२५च्या जूनमध्ये सुरू झाला, तोवर वाहनाने रूळ ओलांडायला घाटकोपर किंवा कांजूरला वळसा होता. पुलाची चर्चा वर्षानुवर्षं झाली, ती गाड्यांच्या वेळेबद्दल. चालणाऱ्याचा वेळ कुणी मोजत नाही, शहरातही नाही आणि गावातही नाही.

पाण्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण चुका इथेच होतात. डिसेंबरातही कोकणात दुपारी पारा बत्तीस-तेहेतीसला जातो आणि हवेत ओल असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. सकाळी साडेसहाला निघावं, अकराला सावली गाठावी, पुन्हा चारनंतर. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दुपारी जाणं म्हणजे तव्यावर चालणं. तहान लागेल तसं पाणी प्यावं. दर दहा मिनिटांनी बळेच लिटर-लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं गरगरतं, आणि तेही धोक्याचंच. कोकणातली जुनी सोय यावर उत्तम आहे. सकाळी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी मीठ-जिरं घातलेलं कोकमचं सरबत. पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं असावीत. लघवी गडद पिवळी झाली आणि सहा-सहा तास झाली नाही, तर त्या दिवसाचं चालणं संपलं.

याच ठिकाणी एक मोठा अपघात दडलेला आहे आणि तो औषधाच्या दुकानात होतो. गुडघा दुखतो म्हणून माणूस वाटेत वेदनाशामक गोळी मागतो, दुकानदार डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन देतो. घामाने शरीर आधीच कोरडं, रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी चालू, त्यात लघवी जास्त होणारं औषध मिसळलेलं. या तिघांत वेदनाशामक पडलं की मूत्रपिंड दोन दिवसांत कोलमडू शकतं. सरकारी रुग्णालयांत असे रुग्ण येतात, आणि ‘कशाची गोळी घेतली?’ याचं उत्तर ‘पांढरी होती’ असं असतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल, थंड पाण्याची पट्टी आणि एक दिवस विश्रांती. मधुमेहींपैकी जे ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेतात, त्यांची साखर चालण्याने एकाएकी खाली येते. हात थरथरले, घाम फुटला, चिडचिड झाली की आधी तोंडात साखर टाकायची, मग विचार करायचा. एकट्या माणसाच्या खिशात ग्लुकोजची पुडी पैशांच्या पाकिटाइतकीच सक्तीची. चालण्याच्या दिवसांत डोस कमी करायचा का, हे निघायच्या आधी डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्यावं.

पायांबद्दलही. नवे बूट घालून निघू नये; निदान महिनाभर वापरलेले हवेत. वाळू गेली की थांबून झटकावी, कारण फोड तासाभरात होतो आणि चार दिवस नडतो. ज्या मधुमेहींच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी देवळात जरा जपावं. गणपतीपुळ्याला डोंगराची प्रदक्षिणा भर दुपारी अनवाणी घातली आणि रात्री मोजे काढताना तळव्याला भाजल्याचे फोड दिसले, असं होऊ शकतं, कारण चटका बसल्याचं कळलेलंच नसतं. जाड मोजे घालून प्रदक्षिणा घातली तर देव रागावत नाही. तीच प्रदक्षिणा हरिहरेश्वरची असेल, तर प्रश्न चटक्याचा नाही, भरतीचा. तिथली वाट समुद्राच्या खडकांवरून जाते आणि भरतीला लाटा तिच्यावर येतात. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहाला, चतुर्थीला तीनला. सहा तासांनी ओहोटी. मोबाइलला रेंज नसताना हा हिशोब कामाला येतो, आणि स्थानिकांनी ‘आत्ता जाऊ नका’ म्हटलं की त्याहूनही जास्त.

साप-विंचवाची भीती वाटते तितकी खरी नाही, पण खोटीही नाही. देशात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसं सर्पदंशाने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुसंख्य शेतात राबणारी आहेत, पर्यटक नव्हेत. कोकणात सड्यावरच्या दगडांखाली फुरसं सापडतं. वीतभर-हातभर लांबीचं, दगडाच्याच रंगाचं. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, आणि ते कळायला साधी काचेची परीक्षानळी पुरते. रक्त काढून वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर प्रतिविष सुरू करायचं. चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो भाग हलू न देता रुग्णालय गाठायचं. दगडावर बसण्याआधी काठीने ठोकावं, गडग्यावर हात टाकू नये, एवढ्याने बराच धोका टळतो. विंचवाचं म्हणाल, तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घ्यायलाच हवं. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसं, विशेषतः मुलं, मोठ्या संख्येने दगावत. रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर कशी चालते, हे बावस्करांनी खेड्यातल्या रुग्णालयात रुग्णाशेजारी रात्री जागून सिद्ध केलं आणि १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मृत्यूचं प्रमाण त्यानंतर अगदी थोड्यावर आलं. म्हणजे किनाऱ्यावरच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या कुप्या आणि प्राझोसिन आहे की नाही, हा प्रश्न मुंबईहून आलेल्या हौशी माणसाचा नाही. तो तिथे रोज गवत कापणाऱ्या बाईचा आहे. हौशी माणसाने फक्त जाताना केंद्रात डोकवावं आणि विचारावं. विचारणारी माणसं वाढली की कपाटात औषध राहतं, असा सरकारी यंत्रणेतला अनुभव आहे.

एकटेपणाच्या धोक्याचं बोलायचं, तर एकट्याने जायचं म्हणजे कुणाला न सांगता जायचं नव्हे. रोजच्या मुक्कामाचं गाव, चालायची वाट आणि पोहोचण्याची वेळ घरी एका कागदावर लिहून ठेवावी. संध्याकाळी सातला एक फोन. आठपर्यंत आला नाही तर घरच्यांनी मुक्कामाच्या जागी फोन करायचा, आणि नऊनंतर ११२ वर. फोनवर ‘लोकेशन शेअर’ केलं की काम झालं असं तरुणांना वाटतं; खाडीच्या उतारावर रेंज गेली की नकाशावरचा तो ठिपका दुपारच्याच जागी थांबलेला असतो. राज्यात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, तीही फोन लागला तरच. गळ्यात किंवा पाकिटात रक्तगट, आजार, चालू औषधं आणि घरचा नंबर मराठीत लिहिलेली चिठ्ठी असावी. बेशुद्ध माणसाचा फोन कुलूपबंद असतो, चिठ्ठी नसते.

आणि मुक्कामाची अडचण. अनेक लॉजवर आजही एकट्या माणसाला खोली देत नाहीत. बाईला तर नाहीच, पुरुषालाही नाही. कारण विचारलं तर मॅनेजर कुजबुजतो, ‘साहेब, मागे एकाने...’ आत्महत्येची भीती खरी आहे, पण तिच्यासाठी प्रत्येक एकट्या माणसाला संशयित ठरवायचं हा उपाय नव्हे. खोली नाकारलेला माणूस, तो खरोखर खचलेला असेल तर, अजून एका दारातून परत जातो, एवढंच होतं. रात्री जेवणाला बोलावणं, सकाळी चहाला हाक मारणं, इतकं साधं लक्ष कोकणातल्या घरगुती निवासांत आपसूक असतं. म्हणून लॉजपेक्षा ते बरे. पर्यटन महामंडळाच्या न्याहरी-निवास योजनेतली घरं किंवा हरिहरेश्वर, गणपतीपुळे इथली महामंडळाची निवासस्थानं आधी ठरवून जावं. एकट्या बाईला आधीच्या गावच्या घरमालकिणीने पुढच्या गावी फोन करून दिला, तर त्याहून मोठी सुरक्षा व्यवस्था नाही. तिने कुठल्या वाटेने जायचं हे तिला ठरवू द्यावं. पुरुषाला ‘सांभाळून जा’ आणि बाईला ‘जाऊच नको’ सांगणाऱ्या घरांनी रक्तदाब आणि गुडघे दोघांचे सारखेच असतात, हे लक्षात घ्यावं. हाडांचा ठिसूळपणा तर तिच्याच वाट्याला जास्त येतो आणि चालण्याची गरजही.

मराठीला हे सगळं अनोळखी आहे असं नाही. गो. नी. दांडेकरांनी नर्मदेची परिक्रमा पायी केली, गड-किल्ले तर उतारवयापर्यंत सोडले नाहीत, आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्या नर्मदेच्या चालण्यातूनच आली. त्यांच्यासारखं निःसंग होऊन, भिक्षेवर विसंबून निघावं, असं कुणी म्हणणार नाही. त्या काळी वाटेत हिवतापाने आणि पटकीने किती माणसं मेली, याच्या गाथा कुणी लिहिल्या नाहीत. आजच्या चालणाऱ्याकडे लसी आहेत, गोळ्या आहेत, एसटी आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर ते घेऊन निघावं.

परत आल्यावरचं एक काम उरतं, आणि ते बहुतेक जण विसरतात. विक्रोळीत पोहोचल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर माणूस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो, ‘व्हायरल आहे’ ऐकतो, तीन दिवसांच्या गोळ्या आणतो. डॉक्टर प्रवासाबद्दल विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही. भातखाचरातून किंवा चिखलातून भेगाळलेल्या पायांनी चाललेल्याला लेप्टो होऊ शकतो. २००५च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिला आहे. झाडीत बसल्या-लोळल्याने स्क्रब टायफस होतो, त्याचा सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग काखेत नाहीतर जांघेत असतो आणि कपडे काढून पाहिल्याशिवाय दिसत नाही. कुणी आणखी दक्षिणेला, सिंधुदुर्गात दोडामार्गच्या जंगलापर्यंत गेला असेल, तर गोचिडीतून येणारा माकडतापही आठवायला हवा. लेप्टो आणि स्क्रब टायफस दोन्ही डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाला दाद देतात, मात्र वेळेत सुरू केलं तर. आठवडा गेला की मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं एकेक करून बसू लागतात. मुक्कामाच्या गावांचा घरी ठेवलेला तो कागद फेकून देऊ नये. ताप आला तर तोच घेऊन दवाखान्यात जावं, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांच्या टेबलावर ठेवावा.